पाठमोरी

सोमवारपासून आत्या टेबलावर बसली नव्हती आणि आज गुरुवार होता. या चार दिवसांत घरात कोण कुणाच्या बाजूने, याची दोनदा उलथापालथ होऊन गेली होती. रेघीला ते बसमध्येच कळलं, कारण बाबांचे तीन फोन येऊन गेले, काकांचा एक आणि काकूचे नऊ. आत्याचा एकही आला नाही. आत्याने आपणहून फोन करायची वेळ आजवर दोनदाच आली होती आणि दोन्ही वेळा घरातलं कुणीतरी गेलं होतं.

"लगेच नीघ," बाबा म्हणाले होते. "चार वाजता सहलवाले सही घ्यायला येतायत. आणि ही बाई तीन वाजले की वर जाऊन दार लावून घेते. माझं ऐकत नाही, तुझ्या काकाचं तर नाहीच नाही. तुझं ऐकेल. तुला तिनेच वाढवलंय."

हे सगळं तूच करून ठेवलंयस, असं काही ते म्हणाले नाहीत. पण रेघीला ते स्पष्ट ऐकू आलं.

रेघी हे नाव अप्पांचं. चार वर्षांची असताना तिने हॉटेलाच्या नव्या कोऱ्या भिंतीवर कोळशाने या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघा ओढल्या होत्या. अप्पा रागवायचे सोडून म्हणाले, "ही आमची रेघी." अप्पा गेले, भिंत कितीदा तरी रंगवून झाली, रेघीची चौतिशी उलटली, नाव तेवढं राहिलं. शहरात ती डिझाइनर होती. अकरा हॉटेलं, दोन गुहा, एक दीपगृह आणि एका टेकडीवरचा सूर्यास्त, एवढ्यांची पेजेस ती एकटी चालवायची. बोर्ड कसा असावा, मेनूकार्डाचा कागद कुठला, पदार्थाचा फोटो कुठल्या खिडकीत काढायचा, त्याखाली कुठली ओळ लिहायची, हे सगळं तीच ठरवायची. लोक त्या ओळी वाचून गाड्या काढायचे आणि निघायचे.

बसथांब्यापासून हॉटेलपर्यंतच्या रस्त्यावर तिच्याच हातची कामं दिसत होती. निळ्या पाट्यांवर पांढरा बाण, खाली एवढेच दोन शब्द: टेबल इकडे. हॉटेलाच्या लाकडी गच्चीवर रांगेसाठी चिकटवलेली पावलं. पावलांवर आत्ताही आठ-दहा माणसं उभी होती. पिवळा स्कार्फ बांधलेल्या एका मुलीने तिला विचारलं, "त्या आज तरी येतील का हो? आम्ही सहा तास गाडी चालवून आलोय."

"बघते."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"थोडंफार," रेघी म्हणाली आणि आत शिरली.

ते टेबल गच्चीच्या अगदी टोकाला, पाण्यावर होतं. त्याचे दोन पाय हॉटेलाच्या फळ्यांवर आणि दोन होड्यांच्या धक्क्याच्या फळ्यांवर. अप्पांच्या मागे हॉटेल बाबांकडे आलं, होड्या आणि धक्का काकांकडे, आणि आत्याकडे स्वयंपाकघर. म्हणजे कागदावर काहीच नाही. मग गच्ची कुठे संपते आणि धक्का कुठे सुरू होतो यावरून भाऊ भांडले आणि सहा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. त्या सहा वर्षांत त्या टेबलावर गिऱ्हाईक बसवायची दोघांचीही टाप नव्हती. म्हणून ते रिकामं. म्हणून दुपारी तीनला, स्वयंपाकघर आवरलं की आत्या आपलं ताट घेऊन तिथे जेवायला बसायची. हॉटेलाकडे पाठ, पाण्याकडे तोंड.

पुढे मोठा रस्ता तलावाच्या पलीकडून गेला आणि हॉटेलही रिकामं पडायला लागलं. रेघीने जमेल ते सगळं केलं. नवा बोर्ड, नवा मेनू, वाफाळत्या सुपाचे फोटो, कुरकुरीत माशांचे फोटो. लोक लाइक करत आणि दुसरीकडे जेवत. दोन वर्षांपूर्वी एका ढगाळ दुपारी सुपाचा फोटो काढून ती मागे वळली, तर टोकाच्या टेबलावर आत्या पाठमोरी बसलेली. तपकिरी स्वेटर, सैल अंबाडा, पलीकडे रिकामी खुर्ची आणि मग नुसतं राखाडी पाणी. रेघीने फोटो काढला. खाली लिहिलं: ती कुणाची वाट पाहते ते विचारू नका. समोरची खुर्ची रिकामी आहे. याल?

लोक आले. आधी चार, मग चाळीस, मग रांगच. खुर्चीत बसायचं, आत्याच्या पाठीशी किंवा समोर फोटो काढायचा आणि जाताना जेवायचं, होडीतून चक्कर मारायची. तलावात बुडालेल्या आणि तिला सोडून गेलेल्या एका तरुणाची गोष्ट लोकांनीच रचली. रेघीने ती कधी खरी म्हटली नाही आणि खोटी म्हणून खोडलीही नाही. होड्या भरायला लागल्या तसे काका हॉटेलात चहाला यायला लागले आणि बाबा धक्क्यावर जायला लागले. सहा वर्षांचा अबोला एका पाठमोऱ्या फोटोने मोडला, असं काकू येईल-जाईल त्याला सांगायची.

स्वयंपाकघरात आत्या मोठ्या पातेल्यात डाव फिरवत होती.

"आलीस? हात धू," ती म्हणाली आणि पुन्हा पातेल्याकडे वळली. दुपारची गर्दी होती. तिथे बोलायची सोयच नव्हती.

अडीचला चौघं आतल्या मोठ्या टेबलाभोवती बसले. बाबांनी सहलवाल्यांचा कागद मधोमध ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर मिठाची बाटली ठेवली.

"तीन तलाव, एक दिवस," बाबा म्हणाले. "रोज लाँचने साठ माणसं. तीनला येणार, पाचला जाणार. त्यांची अट एकच. तीन ते पाच ती टेबलावर हवी."

"आणि लाँचपासून धक्क्यापर्यंत येण्या-जाण्याच्या होड्या आपल्या," काका म्हणाले. काका एकूण कमी बोलायचे आणि बोलले की होड्यांबद्दलच.

"मग नक्की अडलंय कुठे?" रेघीने विचारलं. "ती काय म्हणते?"

"काही म्हणतच नाही ना! रविवारी जेवता जेवता उठली, ताट उचललं आणि आत गेली. सोमवारपासून हे असं. रांगेतली माणसं मला विचारतात, बाईंना बरं नाही का? काय सांगू? रुसल्यात?"

"मी एक बोलू का?" काकू म्हणाली.

"नको," बाबा आणि काका एकदम म्हणाले. हल्ली दोघांचं एकमत व्हायला लागलं होतं ते असं.

काकू बोललीच. "लोकांना दिसते ती पाठ. पाठ काय, मलाही आहे. तिचा तपकिरी स्वेटर घालते, अंबाडा घालते आणि बसते. कोण ओळखणार आहे?"

"अगं, ती काटकुळी आणि तू..." काका म्हणाले आणि बायकोकडे बघून वाक्य तिथेच ठेवलं.

"स्वेटर सैलच आहे," काकू म्हणाली.

रेघीला हसू यायला हवं होतं. पण काकूने स्वेटर आधीच आणून खुर्चीच्या पाठीला लावून ठेवला होता, हे तिच्या लक्षात आलं. म्हणजे हे काही आत्ता सुचलेलं नव्हतं.

"बघू या करून," बाबा म्हणाले. अडला माणूस दुसरं काय म्हणणार?

काकू टोकाच्या टेबलावर जाऊन बसली. रेघीने दारातून फोन धरला. पहिल्या फोटोत काकूची पाठ पाठीसारखी दिसतच नव्हती, आपला फोटो निघतोय हे ठाऊक असलेल्या माणसासारखी ताठ दिसत होती. दुसऱ्यात तिने मान वळवली आणि "झालं का?" विचारलं. तिसऱ्यात पुन्हा वळवली. रेघी हाताने खुणा करत होती, पुढे बघ, पुढे. तेवढ्यात रांगेला वाटलं की बाई आल्या. पिवळा स्कार्फवाली मुलगी धावत जाऊन समोरच्या खुर्चीत बसली आणि काकूचा चेहरा बघून गोंधळली.

"ये गं, ये," काकू म्हणाली. "जेवलीस का? तोंड किती सुकलंय!"

बाबांनी कपाळाला हात लावला. "संपलं. हिला पाठमोरी बसवणं म्हणजे..."

"मग पुतळाच बसवू," काका म्हणाले.

"काय?"

"पुतळा. सिमेंटचा. तो रुसत नाही."

बाबा हसणार होते, पण हसता हसता थांबले. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनी रेघीकडे. तिने लॅपटॉप उघडला. नको म्हणायचं म्हणूनच उघडला होता, पण तिचे हात डोक्याच्या आधी चालायचे. जुना फोटो घेतला, आत्याची कड कापली, तिला राखाडी केलं, खरखरीत केलं. डावा खांदा थोडा उतरता आहे, तोच महत्त्वाचा, हेही तिने बाबांना समजावून सांगितलं. दहा मिनिटांत टेबलावर सिमेंटची आत्या बसली. छान दिसत होती. अगदी तीच.

"हे चालेल," बाबा हळूच म्हणाले.

त्यांच्या आवाजातली सुटका रेघीला ऐकू आली. तिने लॅपटॉप मिटला. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"मी वर जाऊन येते," ती म्हणाली.

वरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. रेघीने दोनदा हाक मारली आणि मग ढकललं. आत कुणीच नव्हतं. पलंगावरची चादर ताठ, खिडकी बंद. चार दिवस सगळे खालूनच म्हणत होते की ती दार लावून बसते. जिना चढून कुणी पाहिलं नव्हतं.

आत्या सापडली स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात. अंगण कसलं, गॅसच्या टाक्या ठेवायची अरुंद जागा. दोन टाक्यांच्या मध्ये बाटल्यांचा रिकामा खोका उलटा घालून ती बसली होती, मांडीवर ताट, समोर हातभर अंतरावर विटांची भिंत. ती माशाचे काटे काढत होती.

"चार दिवस इथेच असतेस?"

"इथे कुणी येत नाही," आत्या म्हणाली. "पुतळ्याचं चाललंय म्हणे?"

"तुला कसं कळलं?"

"तुझा काका कमी बोलतो, पण बोलला की टाक्यांनासुद्धा ऐकू जातं." तिने एक काटा ताटाच्या कडेला ठेवला. "बसवा की. पुतळा बसला म्हणजे मी सुटले."

ती रागाने बोलत नव्हती. रेघीला तेच जास्त लागलं.

"रविवारी काय झालं?"

"काही नाही गं. एकाने माझं ताट सरकवलं. त्याच्या फोटोत येत होतं. मी जेवत होते, घास हातात, आणि ताट गेलं तिकडे." आत्या थोडी हसली. "वाईट नव्हता तो. सॉरी म्हणाला. त्याच्या आधी एक बाई समोर बसून रडली. त्याच्या आधी एकाने मला विचारलं, ते परत आले तर तुम्ही ओळखाल का? म्हटलं, कोण? त्याला वाटलं, मी दुःखाने विसरले."

"मी लिहायला नको होतं ते."

आत्याने आणखी एक काटा काढला. एक घास खाल्ला, सावकाश चावला.

"तुला सांगू," मग ती म्हणाली, "तो फोटो तू दाखवलास ना, तेव्हा मला आधी वाटलं, बिचारी, कोण ही? किती एकटी आहे. मग स्वेटर ओळखला. अगं, त्या दिवशी मी मजेत होते! मासा झकास जमला होता. सकाळपासून कुणी ना कुणी हाक मारतंच. आत्या मीठ, ताई झाकण, अहो रस्सा. तेवढा अर्धा तास मला कुणी हाक मारायचं नाही. मी कुणाची वाट बघत नव्हते, रेघी. कुणी येऊ नये म्हणून तिथे बसत होते."

रेघी भिंतीकडे बघत राहिली.

"मग मी विचार करत बसले," आत्या म्हणाली, "मी जर मजेत होते, तर फोटोत ते एवढं एकटेपण आलं कुठून?"

आणि तिने रेघीकडे पाहिलं, नुसतं पाहिलं.

"तुझी सगळी पेजेस मी बघते," मग ती म्हणाली. "ऑर्डरीच्या फोनवर. ते दीपगृहाजवळचं हॉटेल, त्यात दोन माणसं जेवतायत, फक्त हात दिसतात. एका हातात चमचा, पलीकडून दुसरा हात ग्लास उचलतो. सुरेख आहे. दोन्ही हात तुझेच आहेत."

हे आजवर कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. फोन स्टँडवर लावायचा, दहा सेकंदांचं टायमर, उजवा हात या बाजूने, डावा टेबलाला वळसा घालून त्या बाजूने. एका हातात अंगठी, एका हाताला घड्याळ. अकराही हॉटेलांत तिने दोघांची टेबलं अशीच मांडली होती. फोटो झाला की तेच गार झालेलं जेवण ती तिथेच जेवायची आणि खोलीवर जाऊन फोटो नीट करायची.

"करंगळी," आत्या म्हणाली. "लहानपणी दारात सापडली होती, तेव्हापासून वाकडी. डाव्या हाताची. मीच बांधली होती ना."

"माणसं मिळत नाहीत वेळेवर," रेघी म्हणाली. स्वतःच्याच कानाला ते खोटं वाटलं. मग तिने विचारलं, "मी बसू इथे, तुझ्याजवळ?"

आत्याचा हात ताटात थांबला. तिला हो म्हणायचं होतं, हे रेघीला दिसलं. आणि नाही म्हणायचं होतं, हेही दिसलं.

"नको गं," आत्या म्हणाली. "राग मानू नकोस. माझ्या अर्ध्या तासातला थोडाच वेळ उरलाय. झालं की हाक मारते."

रेघी आत आली. दार ओढून घेतलं. ओट्याला टेकून उभी राहिली. दारापलीकडे ताटावर बोटांचा हलका आवाज येत होता. तिने फोन काढला. फोटो काढून टाकून उपयोग नव्हता. तो आता हजारो फोनांत होता. ती एरवी एका ओळीवर दोन-दोन दिवस घालवायची. ही ओळ उभ्याउभ्या लिहिली:

या फोटोतली बाई कुणाची वाट पाहत नव्हती. ती जेवत होती. वाट पाहण्याची ओळ माझी होती, आणि ती खोटी होती. तिला जेवू द्या.

खाली नाव घातलं आणि पोस्ट केलं. घरात कुणाला विचारलं नाही.

सहलवाले चारला पाच कमी असतानाच आले. एकटेच गृहस्थ, गुळगुळीत दाढी, काखेत फाइल. बाबांनी खुर्ची पुढे केली. पण ते बसले नाहीत, फोनकडेच बघत होते.

"हे आत्ता आलंय का?" त्यांनी फोन बाबांपुढे धरला. "हे कुणी लिहिलं?"

"मी," रेघी म्हणाली.

बाबांनी वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"मॅडम, उद्या लिहिलं असतंत तर काय बिघडलं असतं?" सहलवाले म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. "आमच्या पत्रकावर वाट पाहणारी बाई छापून झालीय. आता जेवणारी बाई दाखवायला मी साठ माणसं आणू? जेवतात तर सगळ्याच बाया."

"मी समजावतो हिला," बाबा म्हणाले. "ते काढता येतं. काढ ते."

"नाही, बाबा."

"काढ म्हणतो ना!"

"दादा, जाऊ दे," काका म्हणाले.

बाबांनी भावाकडे पाहिलं. सकाळपासून, खरं तर गेली दोन वर्षं, तो आपल्याच बाजूला आहे असं त्यांनी धरलं होतं. काका दारातून बाहेर बघत होते. गच्चीच्या टोकाला काकू अजून बसलेली होती. मात्र खुर्ची फिरवून, पाण्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून. तपकिरी स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या. पिवळा स्कार्फवाली अजून समोरच होती, तिचा नवरा बाजूला स्टूल ओढून बसला होता आणि रांग मोडून सात-आठ माणसं भोवती उभी होती. काकू त्यांना हॉटेलाची खरी गोष्ट सांगत होती. टेबलाचे दोन पाय कुणाचे आणि दोन कुणाचे, भाऊ कसे सहा वर्षं बोलले नाहीत, आणि एक गच्चीवर, एक धक्क्यावर, एकमेकांकडे पाठ करून चहा कसा प्यायचे. माणसं खो खो हसत होती. कुणीतरी वाकून टेबलाच्या पायांचा फोटो काढला.

"त्या कोण?" सहलवाल्यांनी विचारलं.

"माझी बायको," काका म्हणाले. आवाजात त्यांच्या नकळत काहीतरी होतं. एकवीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे दोन शब्द असे कधी उच्चारले नसावेत.

सहलवाले गच्चीवर गेले. काकूने त्यांना बसवलं, सूप मागवलं आणि अर्ध्या तासात त्यांच्या पाठदुखीपासून सासूपर्यंत सगळं काढून घेतलं. ते परत आले तेव्हा फाइल मिटलेलीच होती.

"रोजचं जमणार नाही," ते म्हणाले. "साठ तर नाहीच. शनिवारी एक छोटी लाँच आणून बघतो. बघतो म्हणतोय, नक्की नाही. त्या बाई असतील ना?"

"कुठल्या?" बाबांनी विचारलं.

"बोलणाऱ्या."

ते गेल्यावर बाबा मिठाची बाटली उचलून कागदाकडे बघत राहिले. मग रेघीला म्हणाले, "तुझ्या शहरातल्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत असं केलं असतंस? त्यांच्या फोटोखाली लिहिलं असतंस, हे खोटं म्हणून?"

रेघीला दीपगृहाजवळचं हॉटेल आठवलं, ग्लास उचलणारा तो डावा हात आठवला.

"घरच्यांच्याच पोटावर आलं सगळं," बाबा म्हणाले आणि ग्लास पुसायला आत गेले. पुसलेलेच ग्लास होते.

आत्याने हाक मारली ती पावणेपाचला. अर्ध्या तासाऐवजी आज तिने चांगले पावणेदोन तास घेतले होते. रेघीने ओट्याशी उभं राहून जेवून घेतलं. संध्याकाळच्या भाज्या चिरता चिरता आत्या म्हणाली, "वाचलं मी. खाली नाव कशाला घातलंस? तुझे ते अकरा जण वाचतील ना." एवढंच. पण ताटात मासा तिने काटे काढून वाढला होता.

निघताना काकूने तिला दारात गाठलं. "तू काढलेले ते तीन फोटो पाठव हं मला," ती हळू आवाजात म्हणाली. "कसेही असू देत. माझा पाठमोरा फोटोसुद्धा आजवर कुणी काढला नव्हता."

"समोरून काढते की."

"आता नको, केस विस्कटलेत," काकू म्हणाली, आणि लगेच केस सारखे करून उभी राहिली.

बाबा बाहेर आले नाहीत. रेघी जरा थांबली. आतून ग्लासांचा आवाज येत होता, तो थांबला नाही. शेवटची बस गेली होती. पलीकडच्या काठावरून गाडी मिळायची, म्हणून काकांनी छोटी होडी काढली. एरवी होडीत ते मागे सुकाणूपाशी बसायचे आणि माणूस पुढे. रेघी पुढे बसली. तलाव शांत होता, पण पुढून वारा होता. फोन मांडीवर सारखा थरथरत होता. लोक लिहीत होते. काही चिडले होते, काही हळहळले होते. बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की खरं काहीही असो, आम्ही मात्र तिला वाट पाहणारीच समजणार. दोन हॉटेलवाल्यांनी सकाळी फोन करा म्हणून निरोप ठेवले होते. तिने फोन पिशवीत टाकला.

तलावाच्या मध्यावर आल्यावर काकांनी इंजिनापेक्षा मोठ्या आवाजात विचारलं, "तिकडे जेवायला कोण असतं तुझ्याबरोबर?"

असलं काही काकांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं. रेघीकडे या प्रश्नाची उत्तरं तयार असायची. मैत्रिणी असतात, कामाची माणसं असतात, हॉटेलांची तर माझ्याकडे रांगच आहे, असं हसत सांगायचं. समोरचाही हसायचा आणि विषय संपायचा.

"कुणी नाही," ती म्हणाली.

काकांनी बसायच्या फळीवरचं दोरखंड उचलून खाली टाकलं आणि बाजूला सरकले.

"इकडे मागे ये," ते म्हणाले. "तिथे पाणी उडतं."

पाणी उडत नव्हतं. रेघी वाकून, कडेला धरत मागे गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. पलीकडचा काठ यायला पाव तास होता. काकांनी इंजिन जरा हळू केलं आणि त्याची वीस मिनिटं केली.